फॅशन मॅगझिनची असाइनमेंट: कोऱ्या कागदापासून छापील अंकापर्यंत

फॅशन कम्युनिकेशन किंवा मास मीडियाला असाल तर ही असाइनमेंट कधी ना कधी येतेच, स्वतःचं फॅशन मॅगझिन प्लॅन करा, डिझाइन करा आणि छापून आणा. ब्रीफ हातात पडलं की वर्गातली बरीच मुलं त्याच रात्री लॅपटॉप उघडून कव्हर करायला बसतात. कव्हर भारी होतं, पण आत काय जाणार हे ठरलेलंच नसतं, मग शेवटच्या आठवड्यात नेटवरचे फोटो आणि कुठून कुठून उचललेला मजकूर ओतून पानं भरली जातात. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय. आधी वाचक, मग विषय, मग कागदावर पानांचा आराखडा, मग मजकूर आणि शूट, आणि सॉफ्टवेअर त्याच्यानंतर. हा क्रम पाळला की डिझाइनमध्ये फार हात न बसलेल्या मुलांचाही अंक नीट उभा राहतो.

समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण धरू: नऊवारीवरचा, ३२ पानी, ए-फोर साइजचा, मराठीतला अंक. तुमचा विषय वेगळा असेल, पण पायऱ्या याच.

आधी वाचक, तोही एकच

‘तरुण मुली’ किंवा ‘फॅशनची आवड असणारे’ असं लिहून काही उपयोग नाही, त्याने एकही निर्णय घेता येत नाही. एक माणूस डोळ्यासमोर आणा आणि अर्धं पान लिहा. उदाहरणार्थ, ठाण्यात राहणारी, चोवीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी मुलगी, घरी कपाटात आजीची तीन लुगडी आहेत पण नेसता येत नाही, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला शिवलेली नऊवारी घालून जाते आणि मनातून तिला वाटतं की एकदा खरी नेसून बघायला हवी. आता बघा किती गोष्टी आपोआप ठरल्या. नेसायची कशी याची पानं हवीत, आजीचं लुगडं कसं जपायचं हे हवं, शिवलेली की नेसलेली यावर लेख हवा, आणि हजारो रुपयांच्या डिझायनर साड्यांची यादी नको कारण ती तिच्या कामाची नाही.

विषयाचंही तसंच. ‘मराठी फॅशन’ फार मोठं, ‘साडी’ पण मोठंच, ‘नऊवारी’ बरं आहे, पण ‘आज नऊवारी कोण नेसतं, कशासाठी आणि कशी’ हा खरा अंकाचा विषय झाला. यात कोळी बायका आल्या, शेतात काम करणाऱ्या आल्या, लावणी कलावंत आल्या, ढोल-ताशा पथकातल्या मुली आल्या, लग्नातली नवरी आली. नऊ वार म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड, आणि काष्टा घातल्यामुळे पाय मोकळे राहतात, म्हणून ती कामाची साडी आहे, हा एक धागा सगळ्या अंकातून जाऊ शकतो. असा धागा सापडला पाहिजे. विषय पुरेल की नाही हे तपासायचं असेल तर नेट न उघडता दहा-बारा लेखांची नावं कागदावर लिहून बघा, लिहिता आली तर विषय चालेल, चारावरच अडलात तर बदला.

दुसऱ्यांचे अंक मोजून बघा

नुसतं चाळून काही कळत नाही. रद्दीच्या दुकानातून एक इंग्रजी फॅशन मॅगझिन घ्या आणि एक दिवाळी अंक घ्या, दोन्ही समोर ठेवून पान नंबर टाकत एका कागदावर लिहा की या पानावर काय आहे, फोटो किती मोठा, मजकूर अंदाजे किती शब्द, जाहिरात डावीकडे की उजवीकडे. तासाभरात तुम्हाला लय दिसायला लागेल, सुरुवातीला छोटे छोटे तुकडे, मधे मोठे लेख, मग आठ-दहा पानांचं शूट जिथे मजकूर जवळजवळ नसतोच, आणि शेवटी परत हलकी पानं.

अलेक्सी ब्रोडोविच हे नाव या निमित्ताने माहीत करून घ्या. हा माणूस १९३४ पासून १९५८ पर्यंत हार्पर्स बझार या अमेरिकन फॅशन मॅगझिनचा आर्ट डायरेक्टर होता. समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र समजायचं आणि कोरी जागा घाबरून भरून टाकायची नाही, या दोन गोष्टी त्याच्या कामात इतक्या स्वच्छ दिसतात की त्याची दहा स्प्रेड (म्हणजे अशा समोरासमोरच्या पानांच्या जोड्या) बघितली तरी पुरे. आपल्याकडचं बघायचं असेल तर चित्रकार दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ अंकाची कव्हरं शोधा, रघुवीर मुळगावकरांची शोधा. साडीचा रंग, पदराची घडी आणि मागचा सपाट रंग यांचा मेळ कसा घालायचा हे त्या चित्रांवरून जेवढं शिकता येतं तेवढं परदेशी मॅगझिनमधून येणार नाही. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक १९३० साली सुरू झालं, जुन्या ग्रंथालयांत त्याचे बांधीव खंड मिळतात, नऊवारीचा अंक करताना त्यातल्या जाहिराती बघायला मिळाल्या तर सोडू नका, कोणत्या काळात बायका कशा नेसत होत्या ते त्या चित्रांत दिसतं.

फ्लॅटप्लॅन

फ्लॅटप्लॅन म्हणजे सगळ्या पानांचा एका कागदावरचा आराखडा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पण हीच. मोठा कोरा कागद घ्या, त्यावर सगळ्या पानांचे छोटे चौकोन काढा, जोडीजोडीने. पहिलं पान एकटं उजवीकडे, मग २-३, ४-५ असं करत शेवटचं ३२ वं पान एकटं डावीकडे. विषम नंबर कायम उजवीकडे येतो हे डोक्यात पक्कं बसवा. मधोमध पिना मारून बांधायचा असेल तर एकूण पानं चारच्या पटीतच हवीत, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. ३० पानांचा अंक असा बांधता येत नाही, करायला गेलात तर दोन पानं कोरी राहतील.

आपल्या अंकाचा फ्लॅटप्लॅन साधारण असा होईल. १ कव्हर, २ वर जाहिरात, ३ वर अनुक्रमणिका, ४-५ संपादकीय आणि अंकात कोणी काम केलं त्यांची ओळख. ६ ते ९ छोटे तुकडे, म्हणजे काठांचे प्रकार, दागिने, आजीच्या पेटीतल्या एका साडीची गोष्ट असं काहीबाही. १० ते १५ मुख्य लेख. १६ ते २३ फॅशन शूट. २४ ते २७ नेसायची पद्धत, पायरी-पायरीने फोटोसकट. २८-२९ खरेदी, पुण्यात असाल तर लक्ष्मी रोडवर साड्या आणि तुळशीबागेत नथ, ठुशी, बांगड्या. ३० वर ललित लेख, ३१ वर एक मोठा फोटो, ३२ मागचं कव्हर.

शूट मुद्दाम १६ पासून सुरू केलंय. ३२ पानी अंकात १६-१७ ही मधली जोडी, ती एकाच सलग कागदावर छापली जाते, त्यामुळे दोन पानांवर पसरलेला फोटो तिथे कुठेही तुटत नाही. बाकीच्या जोड्यांत डावं पान एका कागदावर आणि उजवं दुसऱ्या कागदावर असतं, छापताना बांधताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. म्हणून सगळ्यात भारी आडवा फोटो १६-१७ ला ठेवायचा, आणि कुठल्याही स्प्रेडमध्ये चेहरा मधल्या घडीवर येऊ द्यायचा नाही.

चौकोन भरून झाले की सलग बघा. लागोपाठ तीन स्प्रेड नुसती मजकुराची आलीत का, दोन शूट शेजारी आलेत का, जड लेखानंतर डोळ्याला विसावा आहे का. इथे चौकोन खोडायला एक मिनिट लागतं, लेआउट झाल्यावर तेच बदलायला दोन दिवस जातात. ग्रुप असाइनमेंट असेल तर फ्लॅटप्लॅन भिंतीला लावा, प्रत्येक पानावर नाव आणि तारीख टाका, आणि शेवटचा शब्द कोणाचा हे आजच ठरवा. एक संपादक हवाच, पाच जणांच्या मतांनी कव्हर ठरत नाही.

मजकूर

लेख आधी लिहून घ्या, ‘नंतर टाकू’ म्हणून खोटा मजकूर भरून डिझाइन करू नका, कारण खरा मजकूर कधीच तेवढ्याच लांबीचा येत नाही आणि मग सगळं पान हलतं. फोटोसकटच्या पानाला तीनशे ते साडेतीनशे शब्द पुष्कळ झाले. सहा पानी मुख्य लेखाला हजार-बाराशे शब्द धरा, बाकी फोटो, चौकटी आणि मोकळी जागा. लेखाबरोबर इतरही बारीक मजकूर लागतो, हेडलाइन, तिच्याखाली दोन ओळींचा इंट्रो, लेखकाचं नाव, फोटोओळी, मधेच मोठ्या अक्षरात उचलून लावायचं एखादं वाक्य. फोटोओळी बहुतेक जण शेवटच्या रात्री लिहितात आणि ‘सुंदर साडीतील मॉडेल’ असलं काहीतरी येतं. फोटोओळीत वाचकाला दिसत नाही ते सांगा, साडी कुठली, काठ कुठला, कोणी विणली, कोणी नेसवली.

आणि माहिती पक्की करून घ्या, कारण कापडाच्या बाबतीत ढोबळ लिहिलेलं लगेच उघडं पडतं. येवला आणि पैठणची पैठणी, तिच्या पदरावर मोर, मुनिया, आसावली अशी नक्षी. इरकल कर्नाटकातल्या इळकलची, तिचा पदर अंगाच्या कापडाला वेगळ्या पद्धतीने जोडलेला असतो. विदर्भातली करवती, काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. नारायणपेठ आता तेलंगणात. हे चार नमुने शेजारी शेजारी ठेवून, काठाचा अगदी जवळून फोटो काढून, त्याखाली तीन-तीन ओळी लिहिल्या तरी ६-७ हे स्प्रेड झालं आणि ते अंकातलं सगळ्यात कामाचं स्प्रेड होईल. विणकराशी किंवा साडीच्या जुन्या दुकानदाराशी अर्धा तास बोललात तर त्यातून आणखी दोन पानं निघतील. विचारून रेकॉर्ड करा, आणि त्यांचं नाव छापायचं का हेही विचारा.

शूट

आधी मूडबोर्ड. वीस-पंचवीस चित्रं, कापडाचे तुकडे, रंगाच्या चकत्या एका बोर्डवर. हे कॉपी करायला नाही, तर टीममधल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र असावं म्हणून. मग शॉट लिस्ट, फ्लॅटप्लॅन समोर ठेवूनच: १६-१७ साठी आडवा, १८ साठी उभा पूर्ण आकृती, १९ साठी पायाजवळचा काष्टा आणि जोडवी, २० साठी पाठमोरा, असं. शॉट लिस्ट नसेल तर दिवसाअखेर चारशे फोटो असतात आणि सगळे कमरेपासून वरचे.

नऊवारी नेसवायला वेळ लागतो, ज्यांना सराव आहे अशा कोणाला तरी सेटवर बोलवा, आई, मावशी, शेजारच्या काकू, लावणीचा क्लास घेणाऱ्या ताई. कोळी पद्धत, ब्राह्मणी पद्धत, लावणीची पद्धत या वेगवेगळ्या आहेत, एकाच मॉडेलला एकाच पद्धतीने नेसवून खाली चार नावं देऊ नका, ज्यांना कळतं त्यांना ते खटकतं आणि कळणारे वाचक पुष्कळ आहेत. बरोबर इस्त्री किंवा स्टीमर, भरपूर सेफ्टी पिना, सुई-दोरा, डबल टेप, पावडर, टिकल्या, पाणी आणि खाणं. उसन्या आणलेल्या साड्यांचा देण्याघेण्याआधी फोटो काढून ठेवा आणि कोणाची कुठली याची वही ठेवा.

उजेड सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरचा घ्या. दुपारच्या उन्हात साडीची जर इतकी चमकते की काठाची नक्षीच दिसत नाही. वाड्याच्या ओसरीत, खिडकीजवळ, व्हरांड्यात मिळणारा बाजूचा मऊ उजेड कापडाचा पोत फार छान दाखवतो, त्याला कुठलंही भाड्याचं लाइट लागत नाही. परवानगीचं मात्र बघा. शनिवारवाड्यासारखी जागा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असते, तिथे ट्रायपॉड लावून शूट करायचं तर आधी परवानगी काढावी लागते. बंदरावर किंवा मंडईत काम करणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे असतील तर आधी बोला, अंक कशाबद्दल आहे ते सांगा, हो म्हटलं तरच कॅमेरा काढा. मॉडेल मैत्रीण असली तरी एका कागदावर संमतीची सही घ्या, फोटो कुठे वापरणार ते लिहून.

टेक्निकल बाजू थोडक्यात. ए-फोर पान ब्लीडसकट (म्हणजे कापताना जाणारी पानाबाहेरची जास्तीची कड धरून) ३०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, भरायचं तर फोटो साधारण २५५० बाय ३५८० पिक्सेल हवा, दोन पानांवर पसरायचा तर रुंदी ५००० पिक्सेलच्या आसपास. साध्या १२ मेगापिक्सेल फोनचा फोटो एका पानाला आरामात चालतो, स्प्रेडला कमी पडतो, तिथे कॅमेरा घ्या. फोटो एकमेकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवू नका, ते दाबून लहान होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. फ्रेममध्ये चारी बाजूंनी थोडी जास्तीची जागा सोडून काढा, कापता येतं पण वाढवता येत नाही.

आता सॉफ्टवेअर, आणि देवनागरी

इनडिझाइन असेल तर उत्तम, कॉलेजच्या लॅबमध्ये बहुतेक असतंच. नसेल तर स्क्रायबस फुकट आहे. कॅनव्हावरही अंक होतो, पण लांब मजकूर एका पानातून दुसऱ्या पानात वाहता ठेवायला ते अडचणीचं जातं.

पहिल्यांदा डॉक्युमेंट: २१० बाय २९७ मिलिमीटर, समोरासमोरची पानं चालू, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड. मार्जिन आतल्या बाजूला थोडं जास्त, बाहेर निदान १२ मिलिमीटर, कारण पिना मारलेल्या अंकात आतली पानं दुमडल्यावर बाहेर सरकतात आणि कापताना त्यांचाच काठ जास्त जातो, पान नंबर अगदी कडेला ठेवलात तर मधल्या पानांवर तो कापला जाण्याची भीती. मग ग्रिड, म्हणजे मजकूर-फोटो जुळवायला पानावर आखलेल्या रेघा. बारा कॉलमचा घ्या, त्यात दोन, तीन, चार असे कसेही भाग पडतात. पान नंबर आणि सदराचं नाव मास्टर पानावर (आताच्या इनडिझाइनमध्ये त्याला पेरंट पान म्हणतात, त्यावरचं सगळं बाकीच्या पानांवर आपोआप येतं) टाका, प्रत्येक पानावर हाताने नको. पॅराग्राफ स्टाइल पहिल्याच दिवशी बनवा: हेडलाइन, इंट्रो, मजकूर, फोटोओळ, चौकट. नंतर टाइप साइज बदलावासा वाटला तर एका क्लिकमध्ये सगळा अंक बदलतो.

इथून पुढचं नीट वाचा, कारण डिझाइनचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी अक्षरं धरून केलेले असतात आणि देवनागरीला ते जसंच्या तसं लागू होत नाही.

इनडिझाइनमध्ये मराठी टाकल्यावर जोडाक्षरं तुटली, वेलांट्या भलत्याच जागी गेल्या तर घाबरू नका, पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत जाऊन वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, स्टाइलमध्येच निवडून ठेवा म्हणजे परत बघायला नको. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कोणी जुन्या फाँटमध्ये टाइप करून दिला असेल तर कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि बदलल्यावर शब्द न् शब्द वाचा, र्‍हस्व-दीर्घ आणि रफार हमखास बिघडतात.

फाँट निवडताना हे शब्द टाइप करून बघा: दऱ्याखोऱ्या, निऱ्या, शृंगार, लुगडं, ज्ञानेश्वरी, पद्म. ‘निऱ्या’ आपल्या अंकात पानोपानी येणार, त्यातला ऱ्या फाँटला जमत नसेल तर तो फाँट कितीही देखणा असला तरी बाद. ल आणि श हिंदी वळणाचे आहेत की मराठी वळणाचे तेही बघा. मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी चांगला, खास मराठी वळणं आहेत त्यात. साधा, स्वच्छ हवा तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या गटाचा ‘मुक्त’, बारीक ते जाड अशी सात वजनं मिळतात, त्यामुळे इंट्रोपासून फोटोओळीपर्यंत एकाच फाँटमध्ये भागतं. हेडलाइनला रोझा वन बघा, जाड आणि बारीक रेघांतला फरक खूप मोठा, इंग्रजी फॅशन मॅगझिनच्या नावांत जो नखरा दिसतो तो देवनागरीत त्यात सापडतो. यात्रा वन मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, खरेदीच्या पानांना मस्त शोभेल. हे सगळे गूगल फाँट्सवर फुकट आहेत. अंकात दोनच फाँट, फार तर तीन.

आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, इटॅलिकची सवय पण नाही, त्यामुळे महत्त्वाचं काय हे दाखवायला जाडी, साइज, रंग आणि मोकळी जागा एवढीच हत्यारं. इंग्रजी हेडलाइनमध्ये अक्षरं लांब लांब ठेवायची जी फॅशन आहे ती देवनागरीत करू नका, शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मजकूर १० ते ११ पॉइंट, ओळींमधलं अंतर १५-१६ पॉइंट ठेवा, इंग्रजीपेक्षा जास्तच लागतं कारण वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार, ते एकमेकांत अडकले की वाचताना डोळे दुखतात. मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ जुळवायचा मोह होतो, पण मराठीतले शब्द लांब असतात, ‘महाराष्ट्रातल्यांप्रमाणे’सारखा एक शब्द आला की अरुंद कॉलममध्ये वरच्या ओळीत मोठमोठी भोकं पडतात. डावीकडून जुळवा, उजवी कड वरखाली राहू द्या, आणि ए-फोर पानावर मजकुराला तीनपेक्षा जास्त कॉलम करू नका.

लेआउट झालं की सगळी पानं छोट्या साइजमध्ये साध्या प्रिंटरवर काढा आणि जमिनीवर ओळीने पसरून उभं राहून बघा. ब्रोडोविचही असंच बघायचा म्हणतात. स्क्रीनवर एकेक पान चांगलं वाटतं, पण सलग बघितल्यावर लगेच दिसतं की चार हेडलाइन एकाच उंचीवर आल्यात किंवा लागोपाठ तीन पानांवर मॉडेल डावीकडेच बघतेय.

कव्हर

आत्ता करायचं, कारण आत काय आहे हे आत्ता कुठे माहीत झालंय. अंकाचं नाव छोटं घ्या. ‘निरी’ घेतलं असं धरू. देवनागरी नावाला वर वेलांटीची जागा सोडावी लागते, त्यामुळे ते पानाच्या अगदी वरच्या कडेला चिकटवता येत नाही. मॉडेलचं डोकं नावावर थोडं आणायची पद्धत आहे, छान दिसते, पण डोक्यामागे वेलांटी गेली तर ‘निरी’चं ‘नरी’ होईल, तेव्हा डोकं कुठल्या अक्षरावर येतं ते बघून फोटो सरकवा. फोटो उभा, वरती आणि एका बाजूला मोकळी जागा असलेला निवडा. कव्हरवर चार ओळी पुष्कळ, त्यातली एक मोठी, आणि त्या ओळीत वाचकाला काहीतरी मिळालं पाहिजे, ‘आजीचं लुगडं, तुमच्या हाताने’ असं काहीतरी, ‘नऊवारी विशेष’ नको. बारकोडसाठी जागा ठेवायची तर ठेवा, पण दुसऱ्या मासिकाचा नंबर उचलून लावू नका.

रंग आणि प्रेस

स्क्रीनवरचे रंग आरजीबी (लाल, हिरवा, निळा उजेड), छपाईचे सीएमवायके (निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई). चटक हिरवा आणि राणी कलर छापल्यावर मवाळ होतात, आणि नऊवारीत नेमके हेच रंग असतात, म्हणून शूटमधले दोन फोटो आधी त्याच प्रेसमध्ये, त्याच कागदावर टेस्ट प्रिंट काढून बघा. साडीची जर सोन्यासारखी छापली जाणार नाही, ती पिवळट-तपकिरी दिसते, उजेड-सावलीचा फरक फोटोत चांगला असेल तरच ती जर वाटते. मजकूर नुसत्या शंभर टक्के काळ्यात ठेवा, चार रंगांचा काळा मजकुराला लावला तर अक्षरांच्या कडा धूसर होतात. मोठ्या काळ्या पट्ट्याला मात्र थोडे बाकीचे रंग मिसळा, नाहीतर तो राखाडी दिसतो.

प्रेसवाल्याशी लेआउट सुरू करायच्या आधीच एकदा बोलून या. डिजिटल प्रेसमध्ये बहुतेक १२ बाय १८ किंवा १३ बाय १९ इंचाचा कागद चालतो, ए-फोरची दोन पानं ब्लीडसकट १२ बाय १८ मध्ये बसतात, त्यापेक्षा थोडी जरी मोठी साइज घेतलीत तर कागद वाया आणि खर्च वर. आतल्या पानांना १३० जीएसएम (कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅममध्ये) आर्ट पेपर, कव्हरला २५० ते ३००, मॅट लॅमिनेशन आणि घडीवर क्रीझिंग (घडीची रेघ आधी दाबून घेणं), नाहीतर जाड कागद घडीला फुटतो. जरा वेगळं हवं असेल तर आतली सोळा पानं मॅपलिथोवर, म्हणजे चकाकी नसलेल्या कागदावर, काढून बघा, हातमागाच्या विषयाला तो खरखरीत स्पर्श शोभतो, पण फोटो थोडे बसके येतात हे लक्षात घेऊन. ३२ पानांना सेंटर पिनिंगच बरं, परफेक्ट बायंडिंगला (पुस्तकासारखा कण्याला गोंद लावून बांधायला) कणा धरायला यापेक्षा जाड अंक लागतो.

पीडीएफ देताना पानं सुटी द्या, जोडीने नाही, ब्लीड आणि कटिंग मार्कसकट, फाँट एम्बेड करून, म्हणजे फाइलमध्येच घालून. पानं कागदावर कशी लावायची ते प्रेसवाले करतात. आणि तारीख बघा, गणपतीनंतर ते दिवाळीपर्यंत प्रेसमध्ये दिवाळी अंकांची गर्दी असते, तुमच्या पाच प्रतींसाठी कोणी थांबत नाही. त्या काळात सबमिशन असेल तर आठवडाभर आधीच फाइल द्या.

छापायच्या आधी प्रूफ कागदावर काढून दोन वेगळ्या माणसांना वाचायला द्या, त्यातलं एक ज्याने अंकात काहीच काम केलेलं नाही असं हवं. ते वाचत असताना तुम्ही बसून पुढच्या गोष्टी जुळवा: अनुक्रमणिकेतले पान नंबर, ‘पुढील पानावर’ म्हटलंय तिथे खरंच पुढे आहे का, नेसायच्या पायऱ्यांचे फोटो बरोबर क्रमाने आहेत का. तो क्रम साडी हातात घेऊनच तपासा, चौथी पायरी पाचवीच्या जागी गेली तर वाचणाऱ्या मुलीला काष्टा जमणारच नाही. ४-५ पानांवर श्रेय द्या, नेसवणाऱ्या, साड्या उसन्या देणाऱ्या, विणकर, फोटो, मेकअप, प्रेस, सगळे.

सबमिशनला अंकाबरोबर एक फाइल लागते, त्यात वाचकाचं ते अर्धं पान, फ्लॅटप्लॅनचे सगळे कच्चे कागद खाडाखोडीसकट, मूडबोर्ड, शॉट लिस्ट, संमतीपत्रं आणि टेस्ट प्रिंट लावा, परीक्षक बऱ्याचदा अंकापेक्षा जास्त वेळ हीच फाइल बघतात आणि तुम्ही एखादा फोटो का काढून टाकला हे विचारतात. प्रती काढताना कॉलेजला लागतात त्यापेक्षा दोन-तीन जास्त काढा, एक तुमच्या पोर्टफोलिओला, एक नेसवून देणाऱ्या ताईंना आणि एक ज्यांच्या दुकानातून साड्या आणल्या त्यांना.